सुईणीच्या घरावर छप्पर नव्हतं

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये पुण्याच्या एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुलीचं नाव मुक्ता, वय चौदाच्या आसपास, जात मांग आणि शाळा जोतिबा-सावित्रीबाई फुल्यांची. लहुजी वस्ताद साळव्यांच्या नात्यातली मानतात, म्हणून आज तिला सगळे मुक्ता साळवे म्हणतात. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध दलित स्त्रीचं पहिलं लेखन म्हणून अभ्यासाला लावतात, त्यावर परिसंवाद होतात. मी साहित्याची अभ्यासक नाही. महापालिकेच्या दवाखान्यात एएनएम म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, विश्रांतवाडीत राहणारी बाई आहे. त्यामुळे निबंधातली जी जागा बाकीचे भरभर ओलांडून जातात, तिथेच माझा पाय अडतो.

तिथे मुक्ता बाळंतपणाबद्दल बोलते. ती विचारते ते साधारण असं: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, मग थंडी-वारा-पाऊस सोसत त्या काय भोगत असतील ते स्वतःवरून ताडून पाहा. त्यात बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा? आणि आम्हाला फुकट औषध देईल असा भला वैद्य तुमच्यात कोण होता? घर, पैसा आणि वैद्याचं दार. आजाराची ही तीन मुळं त्या मुलीनं एका दमात सांगून टाकली. जंतूंमुळे रोग होतो हे शास्त्रानं मान्य करायला अजून अवकाश होता. वस्तीतली माणसं अडाणी आहेत म्हणून आजारी पडतात, हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. त्याला उत्तर १८५५ सालीच छापून ठेवलेलं आहे.

निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझी आजी आठवली. आजी सुईण होती. आमचं मूळ गाव भूम तालुक्यातलं, जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद. मराठवाड्यात बऱ्याच गावांत सुईणपण मातंग बायकांकडे असायचं, कारण बाळंतपण म्हणजे विटाळ आणि विटाळाचं काम आमचं. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की आजी निघायची. वाड्यात शिरायची ती परड्याच्या बाजूनं. बाळंतिणीला मोकळी करायची, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची, पुढचे दहा दिवस बाळ-बाळंतिणीला चोळून-मोळून आंघोळ घालायची. त्या दहा दिवसांत घरातलं कुणी बाळंतिणीला शिवायचं नाही, शिवायची ती फक्त आजी. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव ठेवताना मात्र तिची जागा अंगणाच्या बाहेर. मोबदल्यात जोंधळे, एखादं जुनेर, मुलगा झाला असेल तर खण. आजीची स्वतःची बाळंतपणं पाचटाच्या खोपटात झाली. तिची नाळ कापायला दुसरी सुईण आली नाही, तिनंच कापली. तिची किती मुलं जगली ते आम्ही मोजू शकतो, कारण ती आमची काका-आत्या झाली. न जगलेली तिनं कधी मोजून सांगितली नाहीत.

आरोग्याच्या विषमतेवर लिहिणारे बहुतेक जण दारिद्र्यापासून सुरुवात करतात. मी आजीपासून करते. गरीब होती म्हणून तिची मुलं गेली हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की गावाला निरोगी ठेवणारं सगळ्यात घाणेरडं काम तिच्या वाट्याला दिलेलं होतं आणि त्या कामाचा धोकाही कामाबरोबरच तिच्या घरात येत होता. तीच विभागणी पुढे शहरानं उचलली. पुणं निरोगी होत गेलं तसतसा त्याचा खर्च कुणी भरला, हा हिशेब मला मांडायचा आहे.

विश्रांतवाडीच्या चौकातून संगमवाडीकडे निघालं की फुलेनगर लागतं आणि उजव्या हाताला नदीपलीकडे खडकी. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि इथे इंग्रजांच्या छावण्या पडल्या. त्या छावण्यांचा मोठा शत्रू तोफा नव्हत्या, पटकी-हिवताप होता. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानं १८६३ मध्ये सांगितलं की वर्षाला हजारी ६९ गोरे सोल्जर मरतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी त्या अहवालासाठी कंबर कसली होती. मग सूत्रं हलली. हवेशीर बराकी, स्वतंत्र पाणी, गटारं, छावणीसाठी वेगळा कायदा. १८६९ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणाचं काम निघालं, त्यात शेतीबरोबर शहराचं आणि छावण्यांचं पाणीही धरलेलं होतं. आपल्याकडचं सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते असं गोऱ्या सोल्जरच्या बराकीतून सुरू झालं. बराकीबाहेर बाजार होता, त्यात भिस्ती, धोबी, मेहतर, आया, बटलर राहत. बराकीचा मैला उचलणारा माणूस बराकीच्या आरोग्याचा भाग होता. त्याचं स्वतःचं आरोग्य कुणाच्या कोष्टकात नव्हतं.

शहरात पेठांचं गणित वेगळं नव्हतं. कात्रजहून नळानं आणलेल्या पाण्याचे पेशवेकालीन हौद होते, पण त्यांवर भांडं बुडवायची मुभा सगळ्यांना नव्हती. जोतिबांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण ही घटना समतेच्या धड्यात शिकवतो. माझ्या लेखी तो पुण्यातला पहिला जुलाबप्रतिबंधक कार्यक्रम आहे. स्वच्छ पाणी हाताशी नसेल तर माणूस नदीचं, ओढ्याचं, जनावरांच्या डबक्याचं पितो आणि मग पटकी आली की ती आधी त्याच्या घरात जाते. पेठांमधून टोपलीचे संडास होते. गल्लीतल्या बोळकांडातून मागच्या झडपेपाशी जायचं, टोपली ओढायची आणि मैला गाडीत रिकामा करायचा, हे काम जातीनंच वाटलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणं बंद व्हावं असं तेव्हापासून कागदावर आहे. त्याला बंदी घालणारा देशाचा कायदा यायला १९९३ उजाडलं आणि तोही पुरा पडेना म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि वर्ष संपताना पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोगाचा कायदा केला, रँडसाहेबाला पुण्यात आणलं. मार्चमध्ये सोल्जर घरोघर शिरून रोगी हुडकू लागले, देवघरं-माजघरं विटाळली आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. इतका प्लेग प्रत्येक पुणेकराला पाठ आहे. झडतीच्या तुकड्यांमागून चुना आणि जंतुनाशक घेऊन जाणाऱ्या मजुरांबद्दल कुणी काही सांगत नाही. रोग्याच्या अंथरुणाला आधी हात त्यांचा लागायचा.

त्याच साथीत शहराच्या दुसऱ्या टोकाला सावित्रीबाई होत्या. वय पासष्ट-सहासष्ट. त्यांनी वाढवलेला मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता, फौजेत नोकरीला होता. त्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरच्या बाजूला, सासाण्यांच्या मळ्यात, वस्तीपासून लांब उघड्यावर प्लेगचा दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगनं आजारी आहे असं कळल्यावर त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दवाखान्यातल्या आमच्या पोस्टरवर त्यांचं चित्र असायचं, खाली ‘क्रांतिज्योती’. मी नव्या लिंक वर्कर मुलींना एवढंच सांगायचे की बाई रोग्याला न्यायला दारापर्यंत गेल्या होत्या. मुक्तानं विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं, वैद्याच्या दाराचं, उत्तर तिच्याच शिक्षिकेनं बेचाळीस वर्षांनी दिलं आणि त्यासाठी जीव मोजला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची मुंबईतली आकडेवारी उपलब्ध आहे आणि ती जातवार आहे. साथीत दर हजारी युरोपियन गेले ८.३, सवर्ण हिंदू १८.९ आणि कनिष्ठ मानलेल्या जातींचे हिंदू ६१.६. शहर तेच, हवा तीच, विषाणू तोच. सवर्णांच्या तिपटीहून जास्त आणि गोऱ्यांच्या सातपटीहून जास्त माणसं मेली ती कुणाच्या चालीरीतींमुळे नाहीत. एका खोलीत किती माणसं झोपतात, आजारात घरी बसलं तर संध्याकाळी चूल पेटते का आणि डॉक्टर जिना चढून वर येतो का, यावर हे आकडे ठरले. जात लिहिली होती म्हणून हे आपल्याला दिसलं. पुढे जात लिहिणं मागासलेपणाचं वाटू लागलं आणि असा तक्ता मिळणं दुर्मीळ झालं. मरणं थांबली म्हणून तक्ते थांबले नाहीत.

डॉक्टर येत होता का, याची एक हकिगत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये दिली आहे. ती आपल्या भागातली नाही, काठेवाडातली आहे आणि १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त पत्ररूपानं छापून आली होती. अस्पृश्य शाळामास्तराची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गयावया केल्यावर आला, पण घरात शिरला नाही. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणवलं. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोला लावला आणि त्याच वाटेनं तो परत गेला. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया सांगितला. पुढे ती बाई वाचली नाही. माझ्या नोकरीत असा थर्मामीटर मी पाहिला नाही. बाळंतिणीला हात न लावता लांबूनच विचारपूस करणारी, पोटावर स्टेथोस्कोप टेकवायला नाक मुरडणारी माणसं पाहिली. ती जातीवर बोलायची नाहीत, स्वच्छतेवर बोलायची.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, त्यावरून उभा राहिलेला कज्जा हायकोर्टात संपायला १९३७ चा मार्च उजाडला. पाण्याचा हक्क मिळवायला दहा वर्षं लागली ती अशी. महाडच्या सभेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, तो आत्मसन्मानाचा मुद्दा होता तसाच आरोग्याचाही होता. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले आणि १९२९ मध्ये कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यातल्या बायकांपुरता होता. सुईणीला मालक कोण? तिला रजा कोण देणार? माझ्या आजीसाठी त्या कायद्यात जागा नव्हती.

विश्रांतवाडीहून तीन किलोमीटरवर येरवड्याचा तुरुंग आहे, १८७१ सालचा. त्याच्या जवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेड्यांचं इस्पितळ आलं. शहराला जे डोळ्यांसमोर नको होतं ते नदीच्या या बाजूला आलं. २४ सप्टेंबर १९३२ ला त्याच तुरुंगात पुणे करार झाला. आमच्याकडे दर वर्षी त्यावर भाषणं होतात, कुणी जिंकलं नि कुणी हरलं यावर वाद झडतात. कराराची कलमं नऊ. जागा, निवडणूक, नोकऱ्या यांची आठ आणि शेवटचं शिक्षणाच्या अनुदानातून काही रक्कम राखून ठेवण्याचं. त्या एका कलमानं माझ्यासारख्या मुलींच्या शिकण्याचा पाया घातला, हे मी विसरत नाही. आज चौकाजवळ सामाजिक न्याय भवन आहे, गावोगावच्या पोरांचं शासकीय वसतिगृह आहे, त्यांची मुळं तिथपर्यंत जातात. दवाखान्याचं कलम नव्हतं. पाण्याचंही नव्हतं. आपल्या माणसांसाठी राखीव जागा मागितल्या गेल्या, त्या जागांवर बसायला माणूस जगला पाहिजे ही मागणी नुसती गृहीत धरली गेली. पुढे पन्नास-साठ वर्षं चळवळीनंही ती बरीचशी गृहीतच धरली. अपवाद होते. हमाल पंचायतीचे बाबा आढाव मूळचे डॉक्टर, १९७० च्या दशकात त्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ चालवली तेव्हा महाडचंच काम ते गावोगाव पुरं करत होते.

आमचं घर १९७२ च्या दुष्काळानं पुण्यात आणलं. गावाकडे खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, तेवढ्यावर पोट भरेना. वडील बिगारी म्हणून आले, पाठोपाठ आई, आजी आणि आम्ही. मराठवाडा-सोलापूरकडची अशी खूप घरं त्या वर्षांत येरवडा, फुलेनगर, विश्रांतवाडी या पट्ट्यात उतरली, कारण इथे जागा होती आणि ती कुणाला नको होती. नदीचा काठ, ओढ्याचा उतार, लष्कराच्या कुंपणाची कड. विश्रांतवाडीच्या पुढे ग्रामपंचायतीची हद्द लागायची, कळस आणि धानोरी महापालिकेत आली ती १९९७ मध्ये. हद्दीच्या जवळ राहणाऱ्याला दोन्हीकडचे अधिकारी दुसरीकडे बोट दाखवतात. ससूनचं इस्पितळ १८६७ पासून उभं होतं, पण इथून सहा-सात किलोमीटर, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते अंतर बसच्या तिकिटानं मोजता येत नाही. केसपेपरच्या रांगेत बुडालेल्या दिवसानं मोजावं लागतं. म्हणून लोक थांबायचे. खोकला दोन महिन्यांचा झाला, थुंकीत रक्त दिसलं, की मग यायचे.

आमच्या आजीला शहरात सुईणपण मिळालं नाही. तिच्या सुना मात्र कामाला लागल्या आणि काम कुठलं मिळालं बघा. कुणी धुणीभांडी, कुणी झाडूवाली, कुणी कचऱ्याच्या कुंडीवर. गावात जो विटाळ दहा दिवसांचा होता तो इथे बारमाही झाला. पालिकेत कायम झाडूवाल्याची नोकरी लागली तर घर उभं राहायचं, हेही खरं. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे ती नोकरी वारसा हक्कानं मुलाकडे येते. आमच्या वस्तीत या हक्कासाठी लोक जीव टाकतात, मीही दोन-चार घरांचे अर्ज भरून दिले आहेत. पगाराच्या चिठ्ठीत घाणभत्ता म्हणून वेगळा रकाना असतो. बापाला दम लागून तो लवकर गेला, की मुलगा त्याच गटारावर त्याच भत्त्यावर रुजू. सरकार दुसऱ्या कुठल्या जागेचा वारसा इतक्या तत्परतेनं देतं, मला माहीत नाही.

कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची कहाणी यापुढची. त्यांतल्या बहुतेक मातंग आणि बौद्ध. पहाटे पोतं घेऊन निघायचं, कुंडीत हात घालायचा, काचेनं बोट कापलं की चिंधी बांधायची. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि या बायकांनी पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. ते मिळालं आणि त्याच्याच आधारावर २००२-०३ च्या सुमारास पुणे महापालिकेनं कचरावेचकांचा आरोग्य विमा सुरू केला. देशातल्या कुठल्याही महापालिकेनं तोवर हे केलेलं नव्हतं. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. २०१३ मध्ये महिला दिनाच्या सुमारास वापरलेल्या सॅनिटरी पॅडची पाकिटं त्यांनी ती पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिली, की हे उघड्या हातानं वेगळं करणं काय असतं ते तुम्हीही बघा. रक्तानं माखलेली लुगडी मुकाट्यानं धुणारी माझी आजी आणि ही पाकिटं पोस्टात टाकणाऱ्या बायका यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर आहे. माझ्या मते आपल्या भागातल्या आरोग्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा पल्ला आहे आणि तो कुठल्या डॉक्टरनं गाठून दिलेला नाही.

दवाखान्यात मी लसीकरण आणि टीबी ही दोन कामं सगळ्यात जास्त केली. धनुर्वाताच्या लशीनं फरक पडला तो डोळ्यांनी पाहिला. नाळ अस्वच्छ हत्यारानं कापली की पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ करायचं. लोक सटवाईला दोष द्यायचे आणि शिकलेले लोक सुईणीला. गर्भारपणी आईला दोन डोस आणि एक नवं ब्लेड इतक्यावर तो रोग आटोक्यात आला. म्हणजे दोष सुईणीच्या अकलेत नव्हता, तिच्या हातात ब्लेड कुणी दिलं नव्हतं एवढंच. टीबीचं तसं नाही. गोळ्या फुकट आहेत, थुंकीची तपासणी फुकट आहे, तरी रोग त्याच गल्ल्यांतून फिरतो. दहा बाय दहाची खोली, खिडकी नाही, सहा माणसं. सहा महिने गोळ्या घ्यायच्या आणि दूध-अंडी खायची असं आम्ही सांगतो. सांगून झालं की समोरची बाई विचारते, “सिस्टर, आजचा खाडा धरू का कामावर जाऊ?” याला आमच्या पुस्तकात उत्तर नाही.

२०२० मध्ये करोना आला. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले आणि चारच दिवसांत राज्यानं कायदा लागू केला तो १८९७ चाच, रँडच्या वेळचा. त्या उन्हाळ्यात येरवडा-कळस-धानोरीचा भाग, भवानी पेठ, ढोले पाटील रस्ता हे शहरातले मोठे हॉटस्पॉट होते. घरात बसा असं सांगितलं जात होतं तेव्हा कचरा गोळा करणाऱ्या बायका दारोदार फिरत होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत लोकांचं रक्त तपासून पाहणी झाली, त्यात येरवडाही होता. सरासरी ५१.५ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४. पण मला त्या अहवालात महत्त्वाचा वाटला तो संडासाचा आकडा. स्वतःचा संडास असलेल्यांत ४५.३ टक्के, सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३. टोपलीचा संडास गेला, कायदे झाले, विषाणू नवा आला आणि रोग्याची निवड अजून संडासावरून होते.

यावर कुणी म्हणेल, आता तर योजना आहेत. आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचा हायकोर्टाचा २००६ चा आदेश आहे. या योजनांनी माझ्या माहितीतले जीव वाचले आहेत, त्यांना नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्या सगळ्या माणूस आजारी पडल्यानंतर सुरू होतात. मुक्तानं पहिला प्रश्न छपराचा विचारला होता, औषधाचा नंतर. आपण क्रम उलटा केला. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की भारतात दलित स्त्रीचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय उच्च जातीच्या स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. जवळजवळ मुक्ताच्या वयाइतकी वर्षं. तेवढं आयुष्य कुठल्या ऑपरेशनच्या कार्डानं भरून निघत नाही. ते नळ, संडास, खोलीची खिडकी, पगारी रजा आणि हातमोजे यांनी भरून निघतं.

एक काम मात्र पैशाशिवाय होण्यासारखं आहे, म्हणून ते मागून थांबते. मृत्यूची नोंद करताना फॉर्मवर मृताच्या व्यवसायाचा रकाना असतो. तिथे बाईच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिलं जातं आणि पुरुषाच्या नावापुढे ‘मजुरी’. तीस वर्षं कचरा वेचलेली बाई फुफ्फुसानं गेली तरी कागदावर ती गृहिणी असते, वाघोलीच्या खाणीत दगड फोडलेला वडार नुसता मजूर असतो, गटारात उतरणारा ठेकेदाराचा माणूसही मजूरच. १९१८ चा तक्ता आपल्याला खरं सांगू शकला कारण कुणीतरी रकाना भरला होता. फॉर्म भरणाऱ्या कारकुनांना, डॉक्टरांना, दवाखान्यातल्या माझ्या मागून आलेल्या मुलींना आणि विशेषतः घरच्या माणसांना माझी विनंती आहे: व्यवसाय खरा लिहा. कचरावेचक, झाडूवाली, खाणकामगार, गटारसफाई, सुईण, जे असेल ते. हिशेब मागायचा तर आधी नोंद पाहिजे.